सहा जीबीचा गिट रेपो आणि त्यात जार, डीएलएल, इन्स्टॉलर: काय ठेवावं, काय काढावं?

खडीसाखर

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पण पाणी गळ्याशी आलंय म्हणून धागा काढते.

भोसरीत आमचं अकरा माणसांचं ऑफिस आहे, कोड लिहिणारे त्यातले पाच. साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो. उसाची गाडी काट्यावर उभी राहिली की इंडिकेटरवरचा आकडा सिरियल पोर्टातून संगणकात येतो. भरलेलं वजन, मोकळं वजन, वजावट, निव्वळ वजन, मग पावती. सगळं जावात, 2012 पासून चालू. आधी एसव्हीएन होतं, म्हणजे कोडच्या सगळ्या आवृत्त्या एका सर्व्हरवर जपणारी व्यवस्था. 2017 मध्ये गिटवर (ज्यात आवृत्त्यांचा सगळा इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर येतो) आलो आणि येताना घरातलं सगळं सामान, केरसुणीसकट, टेम्पोत भरून आणलं.

परवा नवीन मुलगी रुजू झाली. ती सोलापूरला घरूनच काम करते. तिला म्हटलं, रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेली जागा) क्लोन कर, म्हणजे त्याची पूर्ण प्रत उतरव, तोवर मी तुला काट्याचं काम समजावते. काम समजावून झालं, जेवणं झाली, साडेचारला क्लोन 'अर्ली ईओएफ' म्हणून तुटला. गिटचा क्लोन मध्ये तुटला की पुन्हा श्रीगणेशा. तीनदा तुटल्यावर आमचा सोर्स कोड पेनड्राइव्हमध्ये बसून एसटीच्या पार्सलने सोलापूरला गेला.

रेपो 6.8 जीबीचा आहे. लिब फोल्डरमध्ये 143 जार, म्हणजे जावाच्या तयार लायब्ररींच्या फाइली. त्यातल्या निम्म्यांच्या नावात आवृत्ती नाही, एकीचं नाव नुसतं 'युटिल्स'. सिरियल पोर्टासाठी आरएक्सटीएक्स लायब्ररीच्या दोन डीएलएल (विंडोजच्या तयार कोडच्या फाइली), 32 बिट आणि 64 बिट. एका जुन्या इंडिकेटरची डीएलएल आहे, तो इंडिकेटर करणाऱ्यांनी केव्हाच दुकान बंद केलं, सीडीही सापडत नाही. बारकोडच्या एका लायब्ररीचा सोर्स आहे, त्यात आम्ही थोडा बदल केलाय. डिस्ट नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक रिलीजचा इन्स्टॉलर, एकेक साधारण 85 एमबी, असे सत्तर. आणि 'डीबी बॅकअप फायनल 2' नावाची एक झिप, तिच्याबद्दल कोणीच तोंड उघडत नाही.

मेवन वापरा हे सगळे सांगतात, ते यादी बघून लागणाऱ्या जार इंटरनेटवरून उतरवतं. पण काटाघरातल्या संगणकाला इंटरनेट द्यायचं नाही, असा बहुतेक कारखान्यांचा नियम आहे. हंगाम सुरू झाला की रात्री दोनलाही फोन येतो. तिथे बसून 'डाउनलोडिंग' बघत राहणं परवडत नाही.

दिवाळीआधी आवरायचंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी

गिटइग्नोअरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) जार, डीएलएल, ईएक्सई टाका. विषय कट.

खडीसाखर

@रात्रपाळी, टाकून झालंय. जे आधीपासून ट्रॅक होतंय त्याला गिटइग्नोअर लागूच होत नाही. उलट नवीन आलेली एक डीएलएल इग्नोअर झाली, कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या नोंदीत) गेलीच नाही. एकाच्या मशीनवर सगळं चालतंय, बाकी चौघांकडे नाही. कारण सापडायला दोन दिवस लागले.

घाटावरचा

मोबाइलवरून लिहितोय, कमांडा देवनागरीत आल्यात, गोड मानून घ्या.

आधी रोग कुठाय ते बघा. 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच' दिलं की साइज-पॅक दिसतो, तो तुमचा खरा आकडा. मग 'गिट फिल्टर-रेपो' नावाचं साधन उतरवून घ्या आणि त्याला नुसतं '--अॅनलाइझ' सांगा. ते काही बदलत नाही, डॉट-गिटच्या आत एका फोल्डरमध्ये अहवाल लिहून ठेवतं: कुठल्या पाथनं किती जागा खाल्ली, आता हयात नसलेल्या फाइलीसुद्धा धरून. मी पैजेवर सांगतो, पहिल्या दहा ओळींत डिस्टच असणार. 85 गुणिले 70 म्हणजे 5950 एमबी. तुमचे सहा जीबी तिथंच गेलेत, जारचं लई मनावर घेऊ नका.

असं का होतं? गिट प्रत्येक फाइलची प्रत्येक आवृत्ती अख्खी ठेवतो, आवळून. नंतर पॅक करताना एकमेकींसारख्या फाइली शोधतो आणि जमेल तिथं एक पूर्ण नि बाकीच्यांचा फक्त फरक ठेवतो. जावाच्या फाइलीत दोन ओळी बदलल्या तर फरक दोन ओळींचाच. पण जार म्हणजे मुळात झिप. तिच्यात निदान प्रत्येक क्लास स्वतंत्र आवळलेला असतो, त्यामुळं थोडाफार फरक तरी निघतो. इन्स्टॉलर मात्र बहुतेकदा सगळं एका गोळ्यात आवळतात. सुरुवातीला एक बाइट हलला की पुढचं सगळं निराळं दिसतं. सत्तर इन्स्टॉलर म्हणजे गिटच्या दृष्टीनं सत्तर अनोळखी पाहुणे.

आणि 'डिस्ट डिलीट करून कमिट केला' यानं एक केबीसुद्धा कमी होत नाही. जुने कमिट त्या फाइली धरून बसलेले असतात. घरातनं उचलून माळ्यावर टाकलं म्हणजे घर रिकामं होत नाही.

इतिहासच नव्यानं लिहावा लागेल. ताज्या क्लोनवर 'गिट फिल्टर-रेपो --पाथ डिस्ट --इन्व्हर्ट-पाथ्स'. ताजा क्लोन नसेल तर ते अडून बसतं, आणि काम झालं की ओरिजिन रिमोट (सर्व्हरचा पत्ता) काढून टाकतं, म्हणजे हाताच्या सवयीनं पुश होऊन माल सर्व्हरवर जाऊ नये. जिथनं पहिला इन्स्टॉलर आला तिथनं पुढच्या झाडून सगळ्या कमिटचे हॅश (आतल्या मजकुरावरनं निघणारी ओळखखूण) बदलतात. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचं काम पुश करून घ्या, आणि सोमवारी सगळ्यांनी जुना क्लोन पुसून नवा घ्यायचा. एकानंही जुन्या क्लोनमधनं मर्ज करून पुश केलं की सहा जीबी परत दारात हजर. आमच्याकडं झालंय. दोनदा.

जुनाजाणता

घाटावरचे बरोबर बोलत आहेत, पण धाग्याचा सूर 'बायनरी (मजकूर नसलेली, माणसाला वाचता न येणारी फाइल) म्हणजे पाप' असा होऊ लागला आहे म्हणून लिहितो.

मी सीव्हीएसपासून, म्हणजे एसव्हीएनच्याही आधीच्या व्यवस्थेपासून, या धंद्यात आहे. तेव्हा बायनरी फाइल टाकताना '-केबी' द्यायला विसरलात तर सीव्हीएस तिला मजकूर समजून लाइन एंडिंग (ओळ संपल्याची खूण) बदलायचं, आत योगायोगाने डॉलर-आयडी-डॉलर सापडलं तर तिथे स्वतःची माहितीही भरायचं. लोगोची जिफ उघडायची नाही आणि डिझायनरला वाटायचं आपलंच चुकलं. एसव्हीएन आलं आणि ही कटकट गेली. सर्व्हरवर बायनरीचाही फरकच साठतो, आणि चेकआउट करणाऱ्याकडे फक्त आजची प्रत येते. आज हाताशी असलेली आणि डॉट-एसव्हीएनमधली मूळ, अशा दोन धरा फार तर. सत्तर इन्स्टॉलरांचा इतिहास प्रत्येकाच्या लॅपटॉपवर नाचत नाही. ज्या सवयीला तुम्ही दोष देत आहात ती एसव्हीएनच्या काळात चूक नव्हतीच. घर बदललं, सवय बदलली नाही.

दुसरं. 2011 चं एक बँकेचं काम मला गेल्या वर्षी पुन्हा बांधावं लागलं. लिब फोल्डरमध्ये सगळ्या जार होत्या. जुना जेडीके (जावाचा संच) टाकला, अँट हे बिल्डचं साधन चालवलं, पहिल्या झटक्यात बिल्ड झाला. त्याच ग्राहकाचं 2015 चं मेवनवरचं काम? पॉममध्ये (मेवनच्या यादीच्या फाइलीत) मेवन सेंट्रल या सार्वजनिक कोठाराचा पत्ता एचटीटीपीने लिहिलेला. 15 जानेवारी 2020 पासून तिथे एचटीटीपीएसच चालतं, साध्या पत्त्याला 501 मिळतो. तो दुरुस्त केला, तर दुसरी रिपॉझिटरी जागेवरच नाही. दुसऱ्याच्या विहिरीवर किती दिवस पाणी भरायचं?

पोटापुरता_कोडर

जुनाजाणता काका, दंडवत, पण लिब फोल्डरची दुसरी बाजू मी भोगली आहे.

डिसेंबर 2021, लॉग4शेल, म्हणजे लॉग4जे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतली सुरक्षेची मोठी चूक. शुक्रवारी दुपारपासून मॅनेजर एकच प्रश्न विचारत होता: आपल्याकडे लॉग4जे कुठली आवृत्ती आहे? मेवनवाल्या कामांत 'डिपेंडन्सी ट्री' काढला, दहा मिनिटांत उत्तर: 2.13, बदला. लिब फोल्डरवाल्या कामांत फाइलीचं नाव 'लॉग4जे.जार'. बस्स. कुठली? 1 ची का 2 ची? प्रत्येक जार उघडून मॅनिफेस्ट (आतली माहितीची फाइल) वाचायचा. एकीचा मॅनिफेस्ट कोणीतरी पुसलेला. एका ठिकाणी तर दुसऱ्याच एका जारच्या पोटात ती कोंबून ठेवलेली, म्हणजे नावावरून शोधून काही उपयोगच नाही. आत जेएनडीआय-लुकअप नावाचा क्लास आहे का ते बघत बसलो. सोमवार पहाटेपर्यंत.

खडीसाखरताई, तुमच्या 'युटिल्स.जार'मध्ये काय आहे ते आजच उघडून बघा. गंमत नाही करत.

जुनाजाणता

@पोटापुरता, तो दोष नाव न लिहिण्याचा, जार ठेवण्याचा नाही. आवृत्ती नावात ठेवायची हा नियम आमच्याकडे पहिल्यापासून होता.

आणि 22 मार्च 2016 विसरलात का? लेफ्ट-पॅड. अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या कोठारावरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड आडवे झाले. अकरा ओळी! डावीकडे मोकळ्या जागा भरायला! फेब्रुवारी 2021 मध्ये जेसेंटर हे लायब्ररींचं कोठार बंद करण्याची घोषणा झाली तेव्हा अँड्रॉइडवाल्यांची काय पळापळ झाली होती ते इथल्या पुष्कळांना आठवत असेल.

चकली_फसली

मी गेमवाली. आमच्याकडे पीएसडी (चित्रं), एफबीएक्स (त्रिमितीय आकृत्या) आणि ध्वनीच्या फाइली हाच सोर्स असतो, त्यांना 'काढून टाका' म्हणता येत नाही. दोघांनी एकच पीएसडी बदलली तर मर्ज नावाचा प्रकार नाही, एकाची मेहनत पाण्यात. म्हणून कुलूप लागतं. मोठे स्टुडिओ त्यासाठीच पर्फोर्स धरून आहेत. आम्ही गिट एलएफएसवर (मोठ्या फाइली वेगळ्या साठवणारी गिटची जोडणी) आहोत, 'गिट एलएफएस लॉक' वापरतो, बरं चालतं.

ताई, तुमचे इन्स्टॉलर एलएफएसमध्ये टाका की.

घाटावरचा

@चकली, तुमच्या पीएसडीला एलएफएस योग्यच. पण इन्स्टॉलर हा सोर्स न्हवं, तो सोर्समधनं निघालेला माल. त्याला आवृत्ती-नियंत्रणात जागाच नको. रिलीजच्या कमिटला टॅग (नावाची चिठ्ठी) लावा, आणि इन्स्टॉलर त्या टॅगच्या नावानं फाइल सर्व्हरवर ठेवा. ऊस आणि साखर एकाच गोदामात कोण ठेवतं?

खडीसाखर

साखरेचं उदाहरण मनापासून आवडलं.

एलएफएस मी मागच्या हंगामात एका छोट्या रेपोवर करून बघितलं, आणि आपटले. झालं असं: बिल्ड मशीनवर गिट होतं, गिट एलएफएस नव्हतं. क्लोन व्यवस्थित झाला, एकही एरर नाही. बिल्डही झाला. कारखान्यावर नेऊन लावलं तर जावा म्हणते, 'एरर इन ओपनिंग झिप फाइल'. जारचा आकार बघितला: 132 बाइट. नोटपॅडमध्ये उघडली तर आत तीन ओळी. पहिलीत व्हर्जन आणि एक पत्ता, दुसरीत ओआयडी एसएचए256 आणि 64 अक्षरांचा हॅश, तिसरीत साइज. जारच्या जागी जारची चिठ्ठी! काटाघरात तीन बाय तीनच्या खोलीत, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, ड्रायव्हर खिडकीतून डोकावतायत, आणि मी ती चिठ्ठी वाचत उभी.

रात्रपाळी

132 बाइटची जार 😂 हहपुवा. काय कॉम्प्रेशन आहे!

उंबरठा

एलएफएसची आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती कोणी सांगत नाही. साध्या गिटमध्ये पाच जणांकडे क्लोन असेल तर इतिहासाच्या पाच संपूर्ण प्रती असतात. एलएफएसमध्ये तुमच्याकडे फक्त तुम्ही चेकआउट केलेल्या आवृत्तीचा माल येतो, बाकीच्या चिठ्ठ्या. सर्व्हरची डिस्क गेली तर जुना माल गेला. 'गिट एलएफएस फेच --ऑल' करून एखादी पूर्ण प्रत वेगळीकडे ठेवायची, नाहीतर बॅकअप आहे असं वाटत राहतं आणि नसतो.

आता सुरक्षेचं, माझं रोजचं काम तेच. बायनरी रेपोत असण्याबद्दल माझा खरा आक्षेप आकाराचा नाही. ती कोणी वाचत नाही, हा आहे. 29 मार्च 2024 ला एक्सझेड युटिल्स या फाइली आवळणाऱ्या साधनाचं प्रकरण बाहेर आलं. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत मागचं दार बसवलेलं होतं. ते कुठे लपवलं होतं? चाचणीसाठी ठेवलेल्या आवळलेल्या फाइलींत. 'मुद्दाम बिघडवलेली फाइल' अशा नावाची फाइल चाचणीच्या फोल्डरमध्ये असेल तर कोण संशय घेईल? डिफमध्ये (बदलांच्या तुलनेत) दिसतं 'बायनरी फाइल्स डिफर' आणि आपण पुढे जातो. ती फाइल उलगडून चालू करणारी स्क्रिप्ट तर गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (फाइलींच्या गठ्ठ्यात) होती. सापडलं कसं, तर अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्या माणसाला एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून.

म्हणजे रेपोतली बायनरी निर्धोक नाही, आणि बाहेरून उतरवलेलीही नाही. मी दोन्ही पक्षांना एकच विचारते: या फाइलीचा हॅश तुम्ही कुठे लिहून ठेवलाय का, आणि ती आली कुठून हे सांगता येतं का? ताई, त्या मालक नसलेल्या इंडिकेटरच्या डीएलएलबद्दल विचारतेय.

खडीसाखर

नाही. लिहून ठेवलेला नाही.

आणि आता लाज सोडून सांगते, तपासलं तर रेपोतली आणि दोन कारखान्यांवर चालू असलेली डीएलएल एकसारखी नाही. नाव तेच, आकारात 41 बाइटचा फरक. रेपोतली लहान आहे.

घाटावरचा

थांबा थांबा. काही बाइटनंच लहान? गिटअॅट्रिब्यूट्स फाइल उघडा, कुठली फाइल कशी हाताळायची ते तिच्यात असतं. त्यात पहिली ओळ 'तारा टेक्स्ट' अशी आहे का? म्हणजे चांदणीचं चिन्ह, मग टेक्स्ट, पुढं 'ऑटो' नाही?

खडीसाखर

हो!! तुम्हाला कसं कळलं?

घाटावरचा

मार खाऊन.

'टेक्स्ट=ऑटो' असतं तर गिट स्वतः अंदाज घेतो: फाइलीत शून्य बाइट दिसला की ती बायनरी, तिला हात लावत नाही. नुसतं 'टेक्स्ट' लिहिलं की तुम्ही त्याला हुकूम दिलात, सगळं मजकूर आहे. मग कमिट करताना विंडोजचं सीआर-एलएफ (ओळ संपल्याचे दोन बाइट) दिसेल तिथं सीआर काढून टाकतो. डीएलएलच्या पोटात योगायोगानं ते दोन बाइट शेजारी शेजारी 41 ठिकाणी होते, 41 बाइट गेले. तुमची रेपोतली डीएलएल पहिल्या दिवसापासून मेलेली आहे. चालू प्रत फक्त कारखान्यांवर आहे.

आधी त्या दोन कारखान्यांवरनं फाइल आणा. बाकी सगळं नंतर. आणि अॅट्रिब्यूट्समध्ये जार, डीएलएल, ईएक्सई, पीडीएफ यांच्यापुढं 'बायनरी' लिहा.

जुनाजाणता

सीव्हीएसच्या '-केबी'ला हसणाऱ्या पिढीने हे वाचावे. पंचवीस वर्षांत तेच.

सातासमुद्रापार

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत गेल्यात असं वाटतं. बाहेरचा सोर्स आपल्या रेपोत ठेवणं आणि बाहेरची बायनरी ठेवणं. सोर्स मजकूर आहे: डिफ दिसतो, वाचता येतो, गिटला पचतो. गो भाषावाले व्हेंडर फोल्डर कमिट करतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. रस्ट भाषेत 'कार्गो व्हेंडर' आहे. मोठाल्या मोनोरेपोंत (सगळ्या कामांचा एकच रेपो) थर्ड-पार्टी नावाचा फोल्डरच असतो. तुमची बदल केलेली बारकोड लायब्ररी रेपोतच राहू द्या. फक्त मूळ आवृत्ती एका कमिटमध्ये जशीच्या तशी, आणि तुमचे बदल पुढच्या कमिटमध्ये. उद्या नवी आवृत्ती घ्यायची वेळ आली की आपण नेमकं काय बदललं होतं ते शोधत बसावं लागणार नाही.

सबमोड्यूलच्या (रेपोत दुसरा रेपो जोडण्याच्या) वाटेला जाऊ नका. पाच माणसांत एक जण कायम '--रिकर्स' विसरतो आणि रिकामा फोल्डर घेऊन तुमच्याकडे येतो.

बायनरीसाठी एकच विचार. पॉम किंवा पॅकेज.जेसन ही वाण्याला दिलेली यादी असते: साखर दोन किलो, चहा पाव किलो. लॉकफाइल म्हणजे पावती: कुठल्या कंपनीचा चहा, कुठला लॉट, वर शिक्का. एनपीएममध्ये 'एनपीएम सीआय' काटेकोर पावतीप्रमाणेच माल आणतं, 'एनपीएम इन्स्टॉल' यादी बदलली असेल तर पावतीही बदलतं. यादी आणि पावती दोन्ही गिटमध्ये. माल स्वतःच्या कोठीत, म्हणजे नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी. बाहेरून एकदा आलेला माल तिथे प्रॉक्सीत राहतो, वाण्याने दुकान बंद केलं तरी तुमची चूल पेटते. ज्या जार बाहेर कुठेच मिळत नाहीत त्या 'डिप्लॉय-फाइल'ने तिथे स्वतः ठेवायच्या, नीट नाव आणि आवृत्ती देऊन. मेवनच्या सेटिंग्जमध्ये मिरर-ऑफपुढे चांदणी टाकली की कोणाचंही मशीन थेट बाहेर जात नाही.

जुनाजाणता

आणि नेक्ससचा बॅकअप कोण घेणार? अकरा माणसांच्या ऑफिसात नेक्सस म्हणजे कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप, ज्याच्यावर कुंडी ठेवलेली असते. जार गिटमध्ये असताना पाच लॅपटॉपांवर पाच प्रती होत्या. आता एक. याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा.

सातासमुद्रापार

मुद्दा मान्य. कुंडीचाही.

पोटापुरता_कोडर

एक मूलभूत शंका. कारखान्यावर बिल्ड करताच कशाला? ऑफिसात बिल्ड करा, सगळ्या जार पोटात घेतलेली एक जार न्या. मग काटाघरात इंटरनेट असो वा नसो.

खडीसाखर

@पोटापुरता, बरोबर आहे, आणि एरवी तेच करतो. पण मागच्या हंगामात एका कारखान्याने इंडिकेटर बदलला, नवा इंडिकेटर वजनाआधी एक जादा अक्षर पाठवायचा. ऑफिसातल्या मुलाने फोनवर ऐकून दोनदा फाइल बदलून पाठवली, दोन्ही वेळा चुकीचं अक्षर कापलं. शेवटी मी लॅपटॉप काट्याला जोडला, कच्चे बाइट बघितले आणि तिथेच दुरुस्त केलं. असं वर्षातून दोनतीनदा होतं. लॅपटॉपवर बिनइंटरनेटचा बिल्ड व्हायलाच हवा.

घाटावरचा

मग निघायच्या आधी ऑफिसात 'डिपेंडन्सी:गो-ऑफलाइन' चालवा. ते काही प्लगिन सोडतं, म्हणून त्यावर भरवसा न ठेवता एकदा '-ओ' लावून पूर्ण बिल्ड करून बघा, वायफाय बंद करून. डॉट-एम2 फोल्डर (मेवनचा मशीनवरचा साठा) भरला की झालं. प्रत्येक रिलीजला तोच फोल्डर झिप करून इन्स्टॉलरच्या शेजारी ठेवा. जुनाजाणता काकांची शंकाही त्यातच मिटते, नेक्सस मेला तरी त्या रिलीजचा माल हाताशी.

आरएक्सटीएक्स सोडा आता. 64 बिट जावाला 32 बिटची डीएलएल दिली की ती लोडच होत नाही, आणि कुठल्या काटाघरात कुठली जावा आहे हे तिथं गेल्यावरच कळतं. जेसिरियलकॉम घ्या. मेवन सेंट्रलवर आहे, आणि वेगवेगळ्या सिस्टमांच्या नेटिव्ह फाइली जारच्या आतच असतात. दोन डीएलएल तिथंच कमी झाल्या.

चकली_फसली

अवांतर: माझ्या भावाचं मराठी ओसीआरचं (चित्रातली अक्षरं वाचणारं) छोटं अॅप आहे. टेसरॅक्टची 'मार' नावाची ट्रेनडेटा फाइल तो रेपोतच ठेवतो, आणि फॉन्टही. काही एमबीचं प्रकरण, दोन वर्षांत एकदा बदलते. हे पण काढायला लावणार का तुम्ही लोक?

सातासमुद्रापार

अजिबात नाही. लहान आहे, क्वचित बदलते, मोफत परवान्याची आहे. राहू दे. ग्रेडल या बिल्डच्या साधनाच्या रॅपरची छोटी जार तर सगळेच कमिट करतात, तशीच रीत आहे. त्रास मोठ्या आणि वारंवार बदलणाऱ्या फाइलींचा असतो. फॉन्टसोबत त्याच्या परवान्याची मजकूर फाइल तेवढी ठेवायला सांगा.

उंबरठा

परवान्यावरून आठवलं. बंद कंपनीच्या डीएलएलचं पुनर्वितरण करायची मुभा तुमच्याकडे कागदावर आहे का, ते बघून ठेवा. रेपो खाजगी आहे तोवर कोणी विचारत नाही. आणि ती झिप, 'डीबी बॅकअप फायनल 2'. त्यात शेतकऱ्यांची नावं आणि बँक खाती असतील तर इतिहासातून काढण्याच्या यादीत ती डिस्टच्याही आधी.

खडीसाखर

@उंबरठा, आहेत. दोन कारखान्यांची. बोलती बंद झाली माझी.

रात्रपाळी

बाब्बो.

खडीसाखर

अडीच महिन्यांनी परत येतेय. दसरा झाला, पुढच्या आठवड्यात मोळी टाकायची गडबड सुरू होईल, त्याआधी काय झालं ते लिहून टाकते.

पहिलं काम डीएलएल. एका कारखान्यावर जाऊन प्रत आणली, दुसऱ्याकडून मागवली. दोन्हींचा हॅश 'सर्टयुटिल'ने काढला, जुळला. तो हॅश, फाइल कुठल्या संगणकावरून कुठल्या तारखेला आणली, कुठल्या इंडिकेटरला लागते, हे सगळं एका मजकूर फाइलीत लिहिलं आणि ती फाइल गिटमध्ये. डीएलएलसुद्धा गिटमध्येच ठेवली. 96 केबीची आहे, आता कधीच बदलणार नाही. सातासमुद्रापार यांच्या हिशेबात बसते.

143 जारपैकी 61 कोणीच वापरत नव्हतं. 74 मेवन सेंट्रलवर सापडल्या. जिथे नाव फसवं होतं तिथे एसएचए1 काढून सेंट्रलच्या शोधपेटीत टाकला, आवृत्तीसकट उत्तर मिळालं. ही युक्ती आधी माहीत असती तर चार दिवस वाचले असते. राहिलेल्या आठांपैकी 'युटिल्स' सोडून बाकी नेक्ससवर. 'युटिल्स.जार' आमचीच निघाली, 2013 मध्ये सोडून गेलेल्या मुलाने लिहिलेली. सोर्स नव्हता. डीकंपाइल केली, म्हणजे जारमधून सोर्स परत काढला, आत तारीख मराठीत लिहिणारा एक क्लास, दोनशे ओळींचा. आता तो सोर्स म्हणून रेपोत आहे. लॉग4जे 1.2 निघाली, म्हणजे लॉग4शेल नाही, पण तिची देखभाल 2015 मध्येच संपलीय, तीही काढली.

फिल्टर-रेपो एका शनिवारी केलं. आधी ती झिप, मग डिस्ट, मग लिब. जुना रेपो ऑफलाइन डिस्कवर ठेवायचा विचार होता, पण त्यात ती झिप आहे म्हणून झिप काढलेली प्रतच ठेवली. साइज-पॅक 6.8 जीबीवरून 212 एमबीवर आला. त्यातही बराचसा भाग कारखान्यांना देतो त्या माहितीपुस्तिकेच्या पीडीएफचा आहे, तिला अजून हात लावला नाही. सोलापूरच्या मुलीला क्लोन करायला सांगितलं आणि मी सवयीने चहाला उठले, तर जागेवरून हलायच्या आत तिचा मेसेज, 'मॅडम, झालं'.

घाटावरच्यांनी सांगितलेलं घडलंच. बुधवारी एकाने जुन्या क्लोनमधून पुश केला. पण या वेळी सर्व्हरवर प्री-रिसीव्ह हुक लावला होता, 5 एमबीच्या वरची फाइल आली की परत पाठवतो. त्याला वाटलं सर्व्हर बिघडला, मला फोन केला.

जुनाजाणता काका, नेक्ससच्या डेस्कटॉपवरची कुंडी काढली. ब्लॉब स्टोअर (फाइलींचा साठा) आणि डेटाबेस दोन्हींची रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर प्रत जाते. एकदा ती प्रत दुसऱ्या मशीनवर उभी करून बघितली, पहिल्या वेळी उठली नाही, दुसऱ्या वेळी उठली.

एक मात्र राहिलं. तिसऱ्या एका कारखान्यावर त्याच इंडिकेटरची डीएलएल आहे, तिचा हॅश या दोघींशी जुळत नाही. आकार बाइटाला बाइट तोच.

उंबरठा

ती फाइल वापरू नका, तिथली हलवूही नका. आकार तोच, हॅश वेगळा, म्हणजे सीआर-एलएफचं प्रकरण नाही. दोन्ही प्रती 'एफसी /बी'ने ताडून बघा, नेमके कुठले बाइट वेगळे आहेत ते इथे टाका. सुरुवातीच्या हेडरमध्ये चार बाइट असतील तर बहुधा बिल्डची वेळ असेल, दुसरीकडे असतील तर बोलू.

खडीसाखर

सोमवारी जातेय तिकडे. बघून टाकते.